मंत्रचळ (भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३४ आणि ३५)



आजचे दोन श्लोक ओळखीचे आहेत. अर्जुन म्हणतो, हे मन चंचल आहे, हट्टी आहे, त्याला आवरणं म्हणजे वारा अडवण्यासारखं आहे. यावर कृष्ण त्याला ओरडत नाही. खरंय तुझं, असं म्हणतो आणि मग दोन उपाय सांगतो : अभ्यास आणि वैराग्य.

बरीच वर्षं मी यातून एवढंच घेतलं होतं की जप वाढवा, मन आपोआप लागेल. माझ्या बाबतीत नेमकं उलटं झालं.

मनोरीहून मालाडला कामाला जायचं म्हणजे आधी मार्व्याची फेरीबोट गाठायची. एक काळ असा होता की ती माझी रोज चुकायची. जेटीच्या अर्ध्या वाटेवरून मी परत फिरायचे. कडी लागली का? गॅस बंद केला का? बघून यायचे, चार पावलं टाकली की पुन्हा तेच. संध्याकाळी जपाला बसले की एखादा मणी निसटल्यासारखा वाटायचा, मग माळ पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटांच्या माळेला दीड तास. घरात कौतुक व्हायचं, पोरगी किती भाविक आहे म्हणून! आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते हे, की विठ्ठलाच्या तसबिरीसमोर हात जोडले की मनात घाणेरडी शिवी यायची. मग त्याचं प्रायश्चित्त म्हणून आणखी एक माळ.

याला मराठीत जुना शब्द आहे, मंत्रचळ. डॉक्टर ओसीडी म्हणतात. मंत्र म्हणताना चूक झाली की डोकं फिरतं, अशी त्या शब्दामागची समजूत. शब्द छान आहे, पण समजूत घातक आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, आपलंच कुठेतरी चुकलं, अजून नीट म्हणायला हवं. आणि 'अजून नीट' हेच तर या आजाराचं खाद्य आहे.

तो चालतो कसा, ते बघा. नको असलेला विचार येतो. त्याने जीव घाबरा होतो. घाबरं थांबवायला आपण काहीतरी करतो : धुतो, तपासतो, मोजतो, मनातल्या मनात क्षमा मागतो. क्षणभर बरं वाटतं. त्या क्षणभराच्या बऱ्याने मेंदू शिकतो की धोका खराच होता आणि आपण केलं म्हणून टळला. पुढच्या वेळी विचार आणखी जोरात येतो. यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जात असेल किंवा रोजची कामं अडत असतील, तर तो आजार समजावा. (कपाट नीट लावायला आवडतं म्हणून "मी जरा ओसीडी आहे" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) देशातल्या १२ राज्यांत २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात हजारात साधारण आठ प्रौढांना हा त्रास आढळला होता.

आणि ते घाणेरडे विचार? रॅकमन आणि डी सिल्व्हा या संशोधकांनी १९७८ साली दाखवून दिलं की तसले विचार बहुतेक निरोगी माणसांच्याही मनात येतात. ती माणसं "काय हे" म्हणून पुढे जातात, आपण त्याच्याशी कोर्टकचेरी करत बसतो. ज्याची आपल्याला सगळ्यात जास्त किंमत, तिथेच हा आजार बोट ठेवतो. आईला वाटतं बाळाला माझ्या हातून इजा होईल, भक्ताला वाटतं देवाची निंदा होईल. शिवी आली म्हणून मी नास्तिक ठरत नव्हते. विठ्ठल प्रिय होता म्हणूनच ती इतकी टोचत होती.

आता अभ्यास. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अशा दोन रुग्णांवरचे उपचार प्रसिद्ध केले. ज्याची भीती, त्याच्या समोर जायचं आणि नेहमीची कृती मात्र करायची नाही. आज या आजारावर जगभर मुख्यतः हीच पद्धत वापरतात, गरजेप्रमाणे गोळ्यांच्या जोडीने. गोळ्यांचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, त्यामुळे पंधरा दिवसांत सोडून देऊ नका.

माझ्या थेरपिस्टताईंनी सोप्यापासून सुरुवात केली. कडी एकदाच लावायची, हात न लावता निघायचं, बोटीत बसायचं. पहिल्या दिवशी खाडी ओलांडेपर्यंत छाती धडधडत होती. मालाड स्टेशन येईपर्यंत, मी काहीही न करता, ती आपोआप ओसरली. भरती थांबवायला कुणी खाडीत उतरत नाही. वैराग्य मला तिथे कळलं. विचार हाकलायचा नाही, त्याला उत्तरही द्यायचं नाही.

माळेचं जड गेलं. ताई म्हणाल्या, मणी निसटला असं वाटलं तरी पुढेच जा, पुन्हा मोजू नकोस. मी रडले. हे पाप नाही का? तेव्हा नाथांची गोष्ट आठवली. पैठणला गोदावरीचं स्नान करून येताना एक माणूस त्यांच्यावर थुंकायचा, ते शांतपणे परत जाऊन स्नान करायचे. लोककथेत हा आकडा १०८ आहे. बाहेरून बघणाऱ्याला नाथांची आंघोळ आणि माझी हात धुण्याची पन्नासावी खेप सारखीच दिसेल. पण नाथ स्नान करून "आता नक्की शुद्ध झालो ना?" असं कुणाला विचारत नव्हते. त्यांच्या स्नानात राग नव्हता, भीतीही नव्हती. माझ्या माळेत भीतीशिवाय काही उरलं नव्हतं.

घरच्यांसाठी एक. मी वीसदा विचारायचे, "आई, कडी लागली ना गं?" आणि ती बिचारी वीसदा "हो" म्हणायची. त्या "हो"नेच आजार पोसला जात होता. ताईंनी तिलाही शिकवलं. मग ती म्हणायची, "हा तुझा आजार विचारतोय, मी त्याला उत्तर देणार नाही. चल, चहा घे." सुरुवातीला मला ती दुष्ट वाटली.

मदत हवी असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, मोफत, मराठीतही बोलता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे. कीर्तनकार, गुरुजी यांना जरूर भेटा, पण "आणखी एक अनुष्ठान करा" असा सल्ला मिळाला तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारा.

कृष्णाच्या उत्तराची सुरुवातच 'निःसंशय' अशा अर्थाच्या शब्दाने होते, हे मला अलीकडेच जाणवलं. निःसंशय काय, तर मन आवरायला कठीण आहे, हे. कडी लागली आहे, हे नव्हे. तेवढी खात्री देवानेही दिलेली नाही.

आज सकाळी माळ १०८ झाली की १०७, मला सांगता येणार नाही. बोट सुटायची वेळ झाली होती.