औषध बदलले आणि स्वभावही?

प्रश्न : माझ्या पतींना (वय ६१) पार्किन्सन्स आहे. वर्षापूर्वी औषध बदलले. तेव्हापासून ते रात्र-रात्र अश्लील व्हिडिओ पाहतात, सतत संबंधांची मागणी करतात. पूर्वी ते असे नव्हते. कोणाला सांगायची लाज वाटते. काय करावे?

उत्तर : ‘औषध बदलल्यापासून’ ही तुमची नोंद सर्वांत महत्त्वाची. पार्किन्सन्ससाठी दिल्या जाणाऱ्या प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे काही रुग्णांची कामेच्छा, जुगार, खरेदी किंवा खाणे अनावर होते. मात्रा कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर हे बहुधा आटोक्यात येते. मात्र गोळ्या परस्पर बंद करू नका. त्याने त्रास बळावू शकतो.

इतर कारणेही तपासावी लागतात. झोप कमी, बडबड आणि उधळपट्टी वाढली असेल तर बायपोलर आजाराचा उन्माद असू शकतो. मेंदूच्या पुढच्या भागाला बाधणारा स्मृतिभ्रंश किंवा काही अमली पदार्थही असे वर्तन घडवतात. काही जण ताण, नैराश्य, एकटेपणा विसरण्यासाठी लैंगिकतेकडे वळतात आणि त्यातच अडकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात अनावर लैंगिक वर्तनाच्या विकाराची नोंद आहे. साधारण सहा महिने किंवा अधिक काळ ताबा सुटलेला असणे आणि त्यामुळे तीव्र मनस्ताप किंवा दैनंदिन जीवनाची हानी होणे, हे त्याचे निकष. केवळ नैतिक अपराधीपणा वाटणे म्हणजे आजार नव्हे.

तुमची इच्छा नसेल तेव्हा ठाम नकार द्या. आजार असला तरी जबरदस्ती सहन करू नका. औषधांची यादी घेऊन या आठवड्यातच न्यूरॉलॉजिस्टना भेटा आणि सगळे स्पष्ट सांगा.