आजीच्या पेटीतील चित्र

आमच्या जालन्याच्या घरी आजीची एक लोखंडी पेटी होती. तिच्या तळाशी, लुगड्यांच्या घड्यांखाली, वीतभर लांबीचे एक रंगीत चित्र जपून ठेवलेले असे. कमळात बसलेली लक्ष्मी, दोन्ही बाजूंस सोंड उंचावलेले हत्ती आणि खाली कुठल्याशा गिरणीचे नाव. मुलांनो, हे चित्र देवघरासाठी छापलेले नव्हते. कापडाच्या ताग्यावरून सोडवून घेतलेले ते लेबल होते.

त्या काळी विलायतेतील मँचेस्टरचे कापड आगबोटीने मुंबईस उतरे. पुष्कळ गिऱ्हाइकांस अक्षरओळख नसे. म्हणून ताग्यावर चित्र डकवीत. कोणाचा हत्ती, कोणाचा वाघ, कोणाचा मुरलीधर. 'हत्ती छाप द्या,' असे म्हटले की हवा तोच माल मिळे. 'जालना सोने का पालना' अशी आमच्या बाजारपेठेची ख्याती होती. येथून कापूस बाहेर जाई, आणि हीच चित्रे लेवून कापड परत येई! अमेरिकेत तर दुकानदार अशी जाहिरातीची चित्रे पत्त्यांएवढ्या कागदांवर छापून फुकट वाटीत आणि मुले ती वहीत डकवीत.

ही छपाई दगडावर होई. जर्मनीतील झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही कला शोधून काढली. गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने चित्र काढावयाचे आणि शिळा ओली करावयाची. मग छपाईची शाई तेवढ्या तेलकट रेघांनाच धरते. दर रंगास निराळी शिळा! कागद केसभर सरकला की ओठांचा रंग गालावर जाई. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत असाच छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. देवादिकांच्या चित्रांबरोबर मालाची लेबलेही त्याने छापली.

अकराव्या वर्षी मला चित्रे जमविण्याचा नाद लागला. काड्यापेट्यांची, उदबत्तीच्या पुड्यांवरची, जे हाती लागे ते मी गोळा करी. एके दुपारी आजीच्या लक्ष्मीस खळ लावून मी ती वहीत घट्ट डकविली. संध्याकाळी मोठ्या ऐटीने वही आजीपुढे धरली. तिने पानावरून हात फिरविला आणि हळूच विचारले, "बाळा, पाठीमागचं कुठं गेलं रे?"

पाठीमागे आजोबांनी मोडीत टिपण केले होते. थोरल्या आत्याच्या लग्नास घेतलेले कापड, त्याचे वार आणि दर. आजोबांच्या हातचे तेवढेच अक्षर घरात उरले होते. मी घाईने पान पाण्यात भिजविले. चित्र सुटले, पण शाईचा नुसता काळसर ओघळ झाला.

आजी रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

आता मी कोणतेही चित्र डकवीत नाही. कागदाच्या चार खाचांत त्याचे कोपरे अडकवितो, म्हणजे पाठही पाहता येते. ते कोठून आले, कोणी दिले, हे शेजारी लिहितो. लक्ष्मीच्या शेजारी आजीने सांगितलेला मजकूर आहे. आत्याचे नाव, दुकान, दर, सारे तिला आठवत होते. वार बारा की चौदा, एवढेच आठवेना. तेथे मी जागा कोरी ठेवली आहे.