आधी वीज, मग वारा, मग गॅस

ट्रॅव्हल ट्रेलरची फर्नेस पेटेना म्हटलं की बहुतेकांचा हात आधी सिलिंडरकडे जातो. माझं म्हणणं असं की तो आधी बॅटरीकडे जायला हवा. फर्नेस गॅसवर चालते हे खरं, पण तिचा गॅस उघडायचा की नाही हे वीज आणि वारा ठरवतात, आणि या दोघांनी होकार दिल्याशिवाय गॅसची झडप हलतसुद्धा नाही. हे लक्षात न घेतल्यामुळे लोक भरलेला सिलिंडर बदलतात, रेग्युलेटर बदलतात, शेवटी शंभर-दोनशे डॉलरचा नवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड मागवतात, आणि फर्नेस तशीच थंड राहते. यलोस्टोनसारख्या दोन हजार मीटरहून उंच ठिकाणी ऐन उन्हाळ्यातही रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. मुलंबाळं, आईवडील बरोबर असताना अशा रात्री चुकीच्या जागी शोध घेत बसणं परवडत नाही. म्हणून यंत्र ज्या क्रमानं काम करतं, त्याच क्रमानं आपण तपासत जावं.

तो क्रम कानांनी ऐकता येतो. थर्मोस्टॅटनं उष्णता मागितली की काही क्षणांत ब्लोअर सुरू होतो. त्याच्या एकाच मोटरच्या दोन टोकांना दोन पंखे असतात: एक खोलीतली हवा फिरवतो, दुसरा बाहेरची हवा ज्वलनासाठी आत ओढतो. या वाऱ्याच्या वाटेत एक पातळ पत्र्याचं पातं उभं असतं, बोटाच्या पेरानंही वाकेल इतकं हलकं. वारा पुरेसा जोरात आला तरच ते पातं मागे ढकललं जातं आणि त्याच्या बुडाशी असलेलं बारीक बटण दाबलं जातं. हा सेल स्विच. त्याच्याच जोडीला लिमिट स्विच असतो. आतला भाग फार तापला की तो वीज तोडतो. दोघांची कडी जुळली की बोर्ड साधारण पंधरा सेकंद वारा खेळवून आधीचा गॅस बाहेर घालवतो, मग झडप उघडतो आणि ठिणगी पाडतो. ती टिकटिक ऐकू येते, पाठोपाठ ज्योत धरल्याचा घुमणारा आवाज येतो. काही सेकंदांत ज्योतीची जाणीव झाली नाही तर बोर्ड गॅस बंद करतो. थोडक्यात, जिला आपण बिघाड म्हणतो ती पुष्कळदा सुरक्षेची साखळी असते आणि ती आपलं काम चोख करत असते. ती नेमकी कुठे थांबली एवढंच आपल्याला शोधायचं असतं.

ब्लोअरच सुरू झाला नाही, तर गॅसचा विचारही करू नये. बॅटरी डिस्कनेक्ट स्विच चालू आहे का, फ्यूज उडालाय का, खुद्द फर्नेसवर असलेलं बटण कुणाच्या हातून बंद झालंय का, एवढं पाहावं. थर्मोस्टॅटवर शंका असेल आणि तो दोन तारांचा साधा, जुना असेल, तर तो काढून त्या तारा एकमेकींना टेकवाव्यात. ब्लोअर सुरू झाला तर दोष थर्मोस्टॅटचा. हा बारा व्होल्टचा मामला आहे, शॉक बसण्याची भीती नाही.

खरी गफलत होते ती ब्लोअर फिरतो पण टिकटिक येत नाही तेव्हा. इथे आकडेच बोलू द्यावेत. ट्रेलरच्या फर्नेसचा ब्लोअर साधारण आठ अँपिअर ओढतो. कडाक्याच्या रात्री तो निम्मा वेळ जरी चालला, तरी दहा तासांत चाळीस अँपिअर-तास खर्च होतात. ट्रेलरसोबत मिळणारी साधी लेड-ॲसिड बॅटरी ऐंशीच्या घरातली असते आणि तिच्यातली निम्मीच शक्ती वापरावी असा संकेत आहे. म्हणजे सगळा हिशेब एका रात्रीपुरता, तोही बॅटरी नवी आणि पूर्ण भरलेली असेल तर. थंडीत तिची क्षमता आणखी घटते. संध्याकाळी झकास चाललेली फर्नेस पहाटे तीन-चारला का रुसते, याचं उत्तर या गणितात आहे. व्होल्टेज उतरत उतरत साडेदहा-अकराच्या खाली गेलं की ब्लोअर फिरतो, पण मंद फिरतो, पातं ढकलण्याइतका वारा तयार होत नाही आणि झडप बंदच राहते. यावर लोक म्हणतात, ‘पण दिवे तर लख्ख लागताहेत!’ लागणारच. एलईडी दिव्यांना नाममात्र वीज लागते. दिवा हा बॅटरीच्या तब्येतीचा पुरावा नाही. पुरावा म्हणजे ब्लोअर चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर धरलेला मल्टिमीटर. बंद अवस्थेत बारा दाखवणारी बॅटरी भार पडताच दहावर कोसळू शकते, म्हणून भाराखालचं माप घेतल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. दुसरा आक्षेप असा की कॅम्पग्राउंडवर तर आपण खांबावरच्या विजेला जोडलेले असतो. तरीही फर्नेस बारा व्होल्टवरच चालते. खांबावरची वीज कन्व्हर्टरमधून जाते. तो कन्व्हर्टर निकामी असेल, तर सारा भार गुपचूप बॅटरीवर येतो आणि दोन दिवसांनी आपल्याला धक्का बसतो.

व्होल्टेज ठीक असूनही टिकटिक येत नसेल, तर वाऱ्याची वाट तपासावी. पात्यावर धूळ, लोकर, कुत्र्याचे केस चिकटतात आणि ते अडकतं. बाहेरच्या जाळीआड गांधीलमाशा मातीची घरं करतात; हिवाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रेलरमध्ये हे पहिल्यांदा बघावं. फर्नेस पेटून थोड्या वेळानं विझत असेल आणि ब्लोअर मात्र चालूच राहत असेल, तर बहुधा परतीच्या हवेच्या जाळीला बॅगा टेकवलेल्या असतात किंवा गरम हवेच्या जमिनीतल्या तोंडांची झाकणं जास्तच बंद केलेली असतात. उष्णतेला बाहेर पडायला जागा नसते, म्हणून लिमिट स्विच मध्ये पडतो.

टिकटिक येते पण ज्योत धरत नाही, इथे मात्र गॅसची पाळी. भारतातल्या सिलिंडरची सवय असलेल्यांना वाटतं, थंडीनं गॅस गोठला. आपल्याकडच्या एलपीजीत ब्यूटेनचा मोठा वाटा असतो आणि ते शून्याच्या आसपासच वायुरूप घ्यायचं थांबतं, म्हणून ही शंका तिकडे रास्त आहे. अमेरिकेत ट्रेलरमध्ये भरतात ते प्रोपेन, आणि ते उणे ४२ अंशांना उकळतं. उणे पाचच्या रात्री त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा सिलिंडरची चावी कशी उघडली ते आठवावं. झटक्यात उघडली तर गळती झाली असं समजून जोडणीतली सुरक्षा-झडप प्रवाह आवळते. चावी बंद करून थोडं थांबावं आणि अगदी हळू उघडावी. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते; आधी शेगडीचा एक बर्नर पेटवून ज्योत स्थिर होऊ द्यावी. ती ज्योत फर्नेस सुरू होताच खाली बसत असेल, तर रेग्युलेटर संशयित.

सेल स्विचच्या दोन तारा एकत्र पिळून त्याला वगळा, फर्नेस लगेच पेटेल, असा सल्ला सर्रास दिला जातो. पेटते, हे खरं आहे, आणि म्हणूनच तो सल्ला घातक आहे. पुरेसा वारा आहे याची खात्री करणारा एकमेव साक्षीदार आपण काढून टाकलेला असतो. मंद वाऱ्यात ज्वलन अपुरं होतं, काजळी धरते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि आतली धातूची भिंत तापून तडकली तर तो वायू झोपलेल्या माणसांपर्यंत पोचतो. त्याला वास नाही, रंग नाही. शेगडी पेटवून ट्रेलर ऊबदार ठेवणं याच कारणासाठी निषिद्ध. विजेचा हीटर त्यामानानं बरा, पण १,५०० वॅटचा हीटर खांबावरच्या विजेतले साडेबारा अँपिअर खातो, आणि अनेक ट्रेलरमध्ये पाण्याच्या टाक्यांना ऊब देणारी नळी फर्नेसकडूनच येते. खोली गरम आणि टाकी गोठलेली, अशी गत होते.

गॅसचा वास, काजळी, पेटताना दणका किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, यांतलं काहीही जाणवलं तर तपास तिथेच सोडून सगळ्यांनी बाहेर पडावं. बाहेर आल्यावर सिलिंडरची चावी बंद करावी आणि तंत्रज्ञाला बोलवावं. त्याला ‘फर्नेस चालत नाही’ एवढंच सांगू नये. ब्लोअर फिरला का, टिकटिक किती सेकंदांनी आली, ज्योत धरली का, किती वेळ टिकली, आणि ब्लोअर चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट होते, हे सांगावं. एवढ्यावरून तो बरोबर कोणता भाग घेऊन यायचा हे निघण्यापूर्वीच ठरवू शकतो.