पुडीवर काय लिहावं?

प्रश्न : आमची वाई तालुक्यात हळद आहे. घरीच दळून पुड्या विकतो. मुलगा म्हणतो, पुडीवर ‘मधुमेहावर गुणकारी’ छापू आणि ‘सांगली हळद’ नाव देऊ. चालेल का?

उत्तर : दोन्ही नकोच. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला 1954 च्या कायद्याने बंदी आहे आणि अन्नाच्या पुडीवरही रोग बरा होण्याचा दावा चालत नाही. शिवाय तुमच्या शब्दावर कुणी गोळ्या बंद केल्या तर? सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाल्याशिवाय ते नाव लावू नका. वाईचं नाव अभिमानाने लावा.

खरी मेहनत दळण्याआधीची. शिजवून वाळवलेलं हळकुंड मोडून बघा : कट्कन आवाज यायला हवा, गाभा आतपर्यंत एकसारखा पिवळा हवा. वाकलं तर अजून ऊन द्या. पुडीत ओलावा 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, नाहीतर बुरशी धरते. प्रयोगशाळेतून ओलावा, कुरकुमीन आणि शिसं तपासून घ्या. अन्नसुरक्षा नोंदणी क्रमांक, दळल्याची तारीख छापा. आणि हो, घरातल्या बायकांची मजुरी हिशेबात धरा. ती धरली नाही तर पुडीचा भाव खोटाच निघतो.