बक्कल : कमरेवरील अलंकार आणि सन्मानचिन्ह

मराठी वाचकाला बक्कल ही वस्तू अपरिचित नाही. इंग्रजीतून आलेला हा शब्द मराठीत पक्का रुजला आहे. पोलीस शिपायाचा क्रमांक आजही ‘बक्कल नंबर’ याच नावाने ओळखला जातो. कचेरीच्या दारात बसणाऱ्या सेवकाला ‘पट्टेवाला’ हे नाव त्याच्या अंगावरील पट्ट्यावरून आणि त्यावर चमकणाऱ्या पितळी बिल्ल्यावरून मिळाले. पट्टा वस्त्र सावरतो आणि त्यावरील धातूचा तुकडा माणसाची ओळख सांगतो, ही कल्पना आपल्याकडेही जुनीच आहे. मात्र अमेरिकेच्या पश्चिम भागात या कल्पनेला जे रूप आले, ते जगात इतरत्र क्वचितच आढळते. तेथे तळहाताएवढे, चांदीचे, वेलबुट्टीने नटलेले बक्कल हा पुरुषांचा आणि स्त्रियांचाही प्रमुख अलंकार झाला. त्याची निवड कशी करावी आणि ते कोणी व कसे वापरावे, याविषयीचे संकेतही तेथे निर्माण झाले. हे संकेत समजून घ्यावयाचे तर प्रथम या वस्तूचा इतिहास पाहिला पाहिजे.

दंतकथा आणि वस्तुस्थिती

चित्रपटांतील काउबॉय पाहून असा समज होतो की, एकोणिसाव्या शतकात टेक्सासपासून उत्तरेकडे गुरांचे कळप हाकीत नेणारे गुराखी मोठमोठी बक्कले लावीत असत. वस्तुस्थिती निराळी आहे. त्या काळी कष्टकऱ्यांच्या विजारींना पट्टा ओवण्यासाठी लूपच नसत. विजार खांद्यावरून जाणाऱ्या गॅलिसने सावरली जाई किंवा मागील बाजूस शिवलेल्या छोट्या पट्टीने आवळली जाई. ज्यांच्यापासून अमेरिकन गुराख्यांनी फास टाकण्याची व खोगिरावर बसण्याची कला उचलली, ते मेक्सिकोचे ‘व्हाकेरो’ कमरेला कापडी शेला गुंडाळीत. ‘रोडिओ’ हा शब्दही त्यांच्याच स्पॅनिश भाषेतील आहे. बक्कल असे ते मुख्यतः सैनिकाच्या पट्ट्यावर, आणि तेही साधे पितळी.

रिव्हेट ठोकलेल्या मजबूत विजारींचे पेटंट जेकब डेव्हिस व लेव्ही स्ट्रॉस यांना १८७३ मध्ये मिळाले. परंतु या विजारींना पट्ट्याचे लूप बसविले गेले ते १९२२ मध्ये. पहिल्या महायुद्धात लक्षावधी तरुणांना लष्करी पट्ट्याची सवय झाली होती आणि विजारीची कंबरही खाली सरकली होती. याच सुमारास मूकपटांनी काउबॉयला नायक बनविले. पडद्यावर दुरूनही उठून दिसेल असा साज हवा होता, आणि टॉम मिक्ससारख्या नटांनी तो अंगावर चढविला. स्वीडनहून आलेल्या एडवर्ड बोहलिन या कारागिराने हॉलीवूडमध्ये खोगिरे, पट्टे आणि चांदीची बक्कले घडवून मोठी कीर्ती मिळविली. अशा रीतीने पडद्याने एक भूतकाळ रचला आणि खरे गुराखीही पुढे तोच साज वापरू लागले. ‘रेड रिव्हर’ (१९४८) या चित्रपटाच्या निमित्ताने जॉन वेन यांना मिळालेले बक्कल त्यांनी ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) या अगदी वेगळ्या कथेच्या चित्रपटातही कमरेवर वागविले. या परंपरेत चित्रपट आणि जीवन किती मिसळून गेले आहेत, याचे हे बोलके उदाहरण होय.

जिंकलेले बक्कल

परंतु बक्कलाला जी प्रतिष्ठा लाभली, तिचे श्रेय केवळ चित्रपटांना देता येणार नाही. ती रोडिओच्या मैदानात मिळाली. शेयेन येथील ‘फ्रंटियर डेज’ १८९७ मध्ये, पेंडलटनचा ‘राउंडअप’ १९१० मध्ये आणि कॅनडातील कॅल्गरीचा ‘स्टॅम्पीड’ १९१२ मध्ये सुरू झाला. गुराख्यांच्या रोजच्या कामातील कौशल्यांना या मेळाव्यांनी स्पर्धेचे रूप दिले. विजेत्याला बक्षीस म्हणून कोरीव बक्कल देण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. करंडक घरातील फडताळात राहतो. बक्कल मात्र विजेत्याबरोबर सर्वत्र जाते. सतत गावोगाव फिरणाऱ्या माणसांना असे बक्षीस सोयीचे वाटले, यात नवल नाही.

या बक्षिसाची किंमत समजण्यासाठी स्पर्धेचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. उसळत्या बैलावर किंवा घोड्यावर स्वाराने आठ सेकंद टिकावयाचे असते. एकाच हाताने पकड धरावयाची. दुसरा हात जनावराला वा स्वतःच्या अंगाला लागला, तर ती खेळी बाद होते. स्वाराला पगार नसतो. प्रवेशशुल्क तो स्वतः भरतो, प्रवासखर्चही स्वतःच सोसतो. हरल्यास तो रिकाम्या हाताने परततो, आणि हाडे मोडणे ही नित्याची गोष्ट असते. बक्षिसाची रक्कम अपुरी असल्याच्या कारणावरून १९३६ मध्ये बॉस्टन येथे स्पर्धकांनी खेळण्यास नकार दिला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. या संघटनेने पुढे १९७५ मध्ये व्यावसायिक रोडिओ काउबॉय संघटना हे नाव धारण केले. १९५९ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेनंतर प्रत्येक प्रकारातील जगज्जेत्याला सोन्याचे बक्कल मिळते. ‘सोन्याचे बक्कल’ हा शब्दप्रयोग त्या जगात सर्वोच्च यशाचा समानार्थी झाला आहे.

हे यश सर्वांना सारख्याच सहजतेने खुले नव्हते. पश्चिमेकडील गुराख्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाचे लोक मोठ्या संख्येने होते. चित्रपटांनी मात्र त्यांना जवळजवळ पुसून टाकले. धावत्या घोड्यावरून झेप घेऊन बैलाला शिंगे धरून लोळविण्याच्या प्रकाराला लोकप्रिय करणारे बिल पिकेट (१८७०–१९३२) हे कृष्णवर्णीय होते. वर्णभेदामुळे अनेक मैदाने त्यांना बंद होती. बैलस्वारीतील जगज्जेत्याचे सोन्याचे बक्कल पहिल्यांदा एका कृष्णवर्णीय स्वाराच्या, चार्ल्स सॅम्पसन यांच्या, कमरेवर आले ते १९८२ साली. हा उशीर पाहिला म्हणजे त्या लहानशा धातूच्या पट्टीत किती अर्थ साठलेला असतो, हे उमगते.

नावाहो आणि होपी कारागिरी

दुसरा प्रवाह नैर्ऋत्येकडील आदिवासींचा आहे. नावाहो जमातीतील अत्सिदी सानी यांनी एका मेक्सिकन कारागिराकडून लोहारकाम शिकून घेतले आणि जमातीतील आद्य रौप्यकार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने नावाहोंना त्यांच्या भूमीतून हाकलून बॉस्के रेडोंडो येथे डांबले. १८६८ च्या तहानंतर ते परतले आणि त्यानंतरच्या दशकांत त्यांची रौप्यकला बहरली. प्रारंभी अमेरिकन व पुढे मेक्सिकन नाणी वितळवून ते चांदी मिळवीत.

त्यांच्या पट्ट्यांवर ‘कोंचो’ नावाच्या गोल वा लंबगोल चकत्या ओवलेल्या असतात. स्पॅनिशमध्ये ‘कोंचा’ म्हणजे शिंपला. जुन्या चकत्यांच्या मध्यभागी चौकटच्या आकाराचे छिद्र व त्यात आडवी दांडी असे. चामडी पट्टी त्यातून ओवली जाई. डाग देऊन धातू जोडण्याचे तंत्र अवगत झाल्यावर मागील बाजूस तांब्याची कडी बसविता येऊ लागली. छिद्राची गरज संपली आणि मधल्या जागेत नक्षी किंवा पिरोजा आला. ओतीव बक्कलासाठी मऊ ज्वालामुखीय दगडात नक्षी कोरून त्या साच्यात वितळलेली चांदी ओततात आणि थंड झाल्यावर कानशीने घासून ती नितळ करतात.

होपींची पद्धत निराळी आहे. चांदीच्या एका पत्र्यातून बारीक करवतीने आकृती कापून काढावयाची, तो पत्रा दुसऱ्या अखंड पत्र्यावर डाग देऊन बसवावयाचा आणि खालचा भाग गंधकयुक्त रसायनाने काळा करावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. १९४७ पासून फ्रेड काबोटी व पॉल सॉफ्की यांनी दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या होपी सैनिकांना हे काम शिकविले. युद्धातून आलेल्या तरुणांना आपल्याच गावात उपजीविका मिळावी, हा त्यामागील एक हेतू होता. १९४९ मध्ये त्यांचा सहकारी संघ स्थापन झाला.

या कलेची मागणी वाढली तशी नक्कलही वाढली. यंत्राने ठोकलेला माल ‘आदिवासी हस्तकला’ म्हणून विकला जाऊ लागला आणि कारागिराचा घास हिरावला जाऊ लागला. याला आळा घालण्यासाठी १९३५ मध्ये व पुन्हा अधिक कडक स्वरूपात १९९० मध्ये अमेरिकेत कायदे करण्यात आले. जो माल आदिवासींनी बनविलेला नाही, तो त्यांचा म्हणून विकणे हा आता तेथे गुन्हा आहे.

निवड

बक्कलाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात चौकट व जीभ असते. जीभ पट्ट्याच्या छिद्रात शिरते. याच प्रकाराचा नटवा अवतार म्हणजे तीन किंवा चार भागांचा संच : बक्कल, टोक अडकविण्याची एक किंवा दोन कडी आणि पट्ट्याच्या टोकाचे धातूचे टोपण. दुसरा प्रकार सपाट वा किंचित बाकदार पाटीचा. तिच्या मागे एका बाजूस कडी व दुसऱ्या बाजूस खुंटी असते. पट्ट्याचे एक टोक कडीतून दुमडून टिचबटणांनी बंद करतात आणि दुसऱ्या टोकाच्या छिद्रात खुंटी अडकवितात. छिद्रे पाटीआड लपत असल्याने नक्षीसाठी मोठी अखंड जागा मिळते. टिचबटणांमुळे एकाच पट्ट्यावर निरनिराळी बक्कले लावता येतात.

खरेदी करताना प्रथम पट्ट्याची रुंदी पाहावी. या बक्कलांना साधारणतः दीड इंची पट्टा लागतो. मागची कडी पट्ट्याहून अरुंद असेल तर चामडे सुरकुतते. फार रुंद असेल तर बक्कल एका अंगाला झुकते. पट्ट्याची लांबी दुमडीपासून मधल्या छिद्रापर्यंत मोजतात. त्यामुळे मधले छिद्र वापरले म्हणजे दोन्ही बाजूंना सैल-घट्ट करण्यास वाव राहतो. बक्कलाचा आकार शरीराच्या मानाने असावा. उभे राहून आरशात शोभणारे मोठे बक्कल खुर्चीत बसताच पोटात रुतते. म्हणून ते लावून एकदा बसून आणि एकदा वाकून पाहणे, ही निवडीची साधी व खात्रीची कसोटी होय.

त्यानंतर धातूचा विचार करावा. ‘स्टर्लिंग’ चांदीत हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी असते. जर्मन सिल्व्हर हे नाव फसवे आहे. त्यात तांबे, निकेल व जस्त असते, चांदी मुळीच नसते. अनेकांच्या त्वचेला निकेल सोसत नाही आणि बेंबीखाली खाज व पुरळ उठते. अशांनी निकेलविरहित धातू निवडावा किंवा बक्कलामागे चामड्याचा तुकडा लावावा. हाताने कोरलेल्या रेषेचे काठ धारदार असतात आणि प्रकाशात ती चमचमते. साच्यात ओतलेल्या स्वस्त बक्कलाच्या रेषा बोथट व एकसारख्या असतात. पिरोजाच्या जागी रंगविलेला पांढरा दगडही खपविला जातो. मागील बाजू अवश्य पाहावी. कारागिराची मुद्रा, धातूचा शिक्का आणि जोडकामाची सफाई तेथेच दिसते.

मात्र केवळ शिक्क्यावर विसंबू नये. १९६० व १९७० च्या दशकांत जुन्या टपाल व वाहतूक कंपन्यांची आणि प्रसिद्ध जवाहिऱ्यांची नावे उठविलेली पितळी बक्कले ‘एकोणिसाव्या शतकातील दुर्मीळ वस्तू’ म्हणून विकली गेली. ती नव्यानेच बनविलेली होती. ज्या काळाच्या विजारींना लूपच नव्हते, त्या काळाच्या नावावर शोभेची बक्कले इतकी मुबलक कशी, हा प्रश्न विचारला असता तर अनेकांची फसगत टळली असती.

वापर आणि संकेत

मोठे बक्कल हा वेषाचा केंद्रबिंदू असतो. म्हणून इतर गोष्टी साध्या असाव्यात. नक्षीदार पट्टा, भडक सदरा व भव्य बक्कल एकत्र आले की एकही नीट दिसत नाही. सदरा विजारीत खोचलेला असावा. औपचारिक प्रसंगी लहान, तीन भागांचा संच अधिक शोभतो. चांदीची चमक मऊ कोरड्या फडक्याने पुसून राखावी. आम्लयुक्त द्रावणात बुडविल्यास नक्षीच्या खोबणीतील मुद्दाम राखलेला काळेपणा निघून जातो आणि आकृती निस्तेज होते. पिरोजा सच्छिद्र असल्याने तेल व साबण शोषून रंग बदलतो. त्याला पाण्यापासून जपावे.

राहिला शेवटचा संकेत, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. ज्यावर स्पर्धेचे नाव, वर्ष व ‘विजेता’ हा शब्द कोरला आहे, असे बक्कल ज्याने ते जिंकले त्यानेच लावावे, अशी रोडिओच्या जगातील समजूत आहे. अशी बक्कले गहाणवटीच्या दुकानांतही आढळतात. पाय मोडल्यावर, हंगाम वाया गेल्यावर किंवा घरभाडे थकल्यावर कोणी तरी ती तेथे ठेवून गेलेला असतो. ते विकत घेणे कायद्याने गैर नाही. संग्राहकाने ते जतन करणे तर उचितच. परंतु ते कमरेला लावून मिरविणे म्हणजे दुसऱ्याच्या घामावर आपले नाव घालणे होय. मुलाने वडिलांचे बक्कल लावले तर मात्र कोणी बोट दाखवीत नाही, कारण तेथे तो दावा नसतो. ती स्मृती असते.

ज्याने काही जिंकलेले नाही, त्याने काय करावे? त्याच्यासाठी फुले, वेली, पक्षी, तारे, घोडे, स्वतःच्या नावाची आद्याक्षरे असे विपुल नमुने उपलब्ध आहेत. एखाद्या कारागिराकडून योग्य मोल देऊन घेतलेले साधे बक्कल त्या कारागिराची कला व उपजीविका दोन्ही जगविते आणि वापरणाऱ्याविषयी खोटे काही सांगत नाही. अलंकार हा शरीराला शोभा देतो. पण तो लावणाऱ्याविषयी काही विधानही करीत असतो. ते विधान खरे असावे, एवढीच या परंपरेची अपेक्षा आहे.