चित्र स्वच्छ, तरी लघुपट कच्चा का वाटतो?

प्रश्न : आम्ही काही मित्रांनी मिळून सातगाव पठारावर मोबाइलवर एक लघुपट केला. बटाट्याच्या शेतातली बाप-लेकाची गोष्ट आहे. चित्र अगदी स्वच्छ आलं आहे, पण बघणारे म्हणतात, ‘सिनेमासारखं वाटत नाही.’ पुढच्या वेळी कॅमेरा भाड्याने आणावा की नुसत्या लेन्स? शिवाय पुढचं चित्रीकरण खोडदच्या बाजूला करायचं आहे. तिथल्या दुर्बिणीमुळे वायरलेस माइक वापरता येत नाही, असं ऐकलं. ते खरं का?
– एक वाचक, मंचर (ता. आंबेगाव)

उत्तर : दोन्ही नको. जमवलेले पैसे आवाजावर खर्च करा. चित्र थोडं हललं, थोडं अंधारलं, तरी प्रेक्षक ते चालवून घेतो. संवाद मात्र नीट ऐकू आला नाही की त्याचं लक्ष गोष्टीतून उडतं. आपलं नेमकं काय बिनसलं, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून तो ‘सिनेमासारखं वाटत नाही’ एवढंच म्हणतो.

मोबाइलचा माइक मोबाइलमध्येच असतो, म्हणजे कॅमेरा जिथे तिथेच. तुमचा नट तीन मीटरवर उभा असेल, तर त्याचा आवाजही तीन मीटरवरूनच येणार. माइक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की आवाजाची तीव्रता चौपट होते. तीन मीटरवरचा माइक पाऊण मीटरवर आणला, तर ती सोळापट होते. पठारावरचा वारा, लांबची मोटार, रस्त्यावरचा ट्रॅक्टर मात्र होते तेवढेच राहतात. संवाद गोंगाटातून वर येतो तो या अंतरामुळे. माइक किती महागाचा, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरं कारण मोबाइलच्या हुशारीत आहे. बोलणं थांबलं की तो आपोआप आवाजाची पातळी वाढवतो आणि बोलणं सुरू झालं की कमी करतो. त्यामुळे दोन संवादांच्या मधे वारा अंगावर आल्यासारखा फुगतो आणि पुढच्या शब्दाला दबतो. बाप गप्प राहतो ती जागा तुमच्या गोष्टीत महत्त्वाची असणार, आणि नेमकी तीच बिघडते.

उपाय फार खर्चाचा नाही. आवाज वेगळा टिपणारा छोटा रेकॉर्डर, एका दिशेचा आवाज घेणारा माइक, वाऱ्यासाठी त्यावर केसाळ आवरण आणि एक लांब काठी. एकाने काठी वर धरून माइक फ्रेमच्या अगदी काठाबाहेर, नटाच्या छातीच्या रोखाने ठेवायचा. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर लावा आणि मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, अशी पातळी हाताने ठरवा. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा. संकलनात चित्र आणि आवाज तिथे जुळवता येतात. मोबाइल बहुधा बदलत्या गतीने फ्रेम टिपतो, त्यामुळे लांब शॉटमध्ये ओठ आणि शब्द हळूहळू एकमेकांपासून सरकतात. म्हणून फ्रेमची गती स्थिर ठेवणारं अॅप वापरा. लांबच्या शॉटलाही माइक नटाजवळच हवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबाने चौदा मीटरला एक फ्रेम मागे पडतो.

आता जागा आणि वेळ. शेतीची थ्री फेज लाईट आपल्याकडे पाळीने येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती आली की विहिरीविहिरीवरच्या मोटारी सुरू होतात. गावातल्या वायरमनकडून त्या आठवड्याची पाळी विचारून घ्या आणि संवादाचे प्रसंग लाईट नसलेल्या वेळेत लावा. चालण्याचे, नांगरटीचे, बिनसंवादाचे शॉट मोटारी चालू असताना घ्या. यात कमीपणा काहीच नाही. १९३१ साली ‘आलम आरा’ हा भारतातला पहिला बोलपट मुंबईत झाला. स्टुडिओशेजारून रेल्वे जात असे, म्हणून त्याचं बरंचसं चित्रीकरण गाड्या थांबल्यावर, रात्री उशिरा करावं लागलं. शांततेची वाट पाहणं हे आपल्या सिनेमात बोलपटाइतकंच जुनं आहे.

मधल्या काळात ही सवय सुटली. कॅमेरे घरघर करणारे होते, म्हणून संवाद नंतर स्टुडिओत भरून घेण्याची रीत पडली. २००१ च्या ‘लगान’नंतर जागेवरच आवाज टिपण्याकडे आपले चित्रपट पुन्हा वळले. तुमच्यासारख्यांना तर जागेवरचाच आवाज हवा. जुन्नर तालुक्यातल्या मंगेश हाडवळे यांचा २००८ सालचा ‘टिंग्या’ आठवा. बैलावर जीव लावणाऱ्या पोराची ती गोष्ट याच मातीतली, आणि टिंग्या झालेला शरद गोयेकर याच भागातला मुलगा. ५५ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट बालकलाकार ठरला. त्या भूमिकेचं बळ चेहऱ्याइतकंच बोलीत आहे. गावातला माणूस शेतात उभा राहून जो हेल काढतो, तो महिन्याभराने बंद खोलीत कानाला हेडफोन लावून काढणं त्याला फार अवघड जातं. ते कसब मुरलेल्या नटांचं.

खोडदबद्दल ऐकलंत त्यात तथ्य आहे. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्या साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अवकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपतात. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट इथे कमी होता, म्हणून प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली. भाड्याने मिळणारे बरेच व्यावसायिक वायरलेस माइक ४७० मेगाहर्ट्झच्या वर चालतात, म्हणजे थेट याच पट्ट्यात. छोटे डिजिटल माइक २.४ गिगाहर्ट्झवर, पट्ट्याबाहेर असतात. पण हलक्या प्रतीचे एलईडी दिवे आणि चार्जरही रेडिओ गोंगाट करतात. म्हणून त्या बाजूला जाण्याआधी वेधशाळेत सगळी साधनं सांगून विचारून घ्या. ड्रोन उडवायचा विचार असेल, तर ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशावर ती जागाही तपासा. तुमची आणि तिथल्या शास्त्रज्ञांची अडचण एकच आहे : हवा असलेला आवाज बारीक, आजूबाजूचा गोंगाट मोठा. तारेचा माइक वापरलात तर दोघांचंही काम होईल. शिवाय उसात वायरलेस माइक तसाही दगा देतो, कारण पाण्याने भरलेली पानं २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतात.

झालेला लघुपट टाकून देऊ नका. पठारावर परत जा आणि त्याच शेतात, त्याच वेळी, कोणीही न बोलता दोन-दोन मिनिटांचा आवाज टिपून आणा. ज्या संवादांचं फारच वाटोळं झालं असेल तेवढे पुन्हा बोलून घ्या. खोलीत नको, शेतातच; नट त्याच जागी उभा करून, कॅमेरा बंद ठेवून. तसं जमलंच नाही, तर भिंतींना गोधड्या लावलेली खोली चालेल. मग हे संवाद आणि त्याखाली पठाराचा अखंड आवाज असे दोन थर लावा. मधे मधे तुटणारी पार्श्वभूमी सलग झाली, की निम्मा कच्चेपणा तिथेच जाईल.

पुढच्या चित्रीकरणाला एक माणूस फक्त आवाजासाठी नेमा. त्याच्या कानाला सतत हेडफोन असू द्या आणि दुसरं कुठलंही काम त्याच्यावर टाकू नका. दिग्दर्शकाच्या बरोबरीने ‘थांबा, पुन्हा घेऊ’ म्हणण्याचा अधिकार त्याला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर द्या.