एकाच उष्णतेची दोन कामे

कारखान्यात जळणाऱ्या इंधनाचा हिशेब मांडताना उष्णता किती मिळाली एवढेच पाहून भागत नाही. ती कोणत्या तापमानाला मिळाली आणि कोणत्या तापमानाला वापरली गेली, हेही पाहावे लागते. भट्टीतील ज्वाला १००० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेली असते. उसाचा रस आटविण्यास मात्र १२० ते १३० अंशांची वाफ पुरते. तापमानाच्या या उतारावर उष्णतेकडून यांत्रिक काम करून घेता येते. वाफ तयार करून ती सरळ रस तापविण्यास लावली, तर तो सारा उतार वाया जातो.

कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राची अडचण नेमकी उलट आहे. तेथे टर्बाइन फिरवून झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी करावे लागते आणि कोळशातील जवळजवळ निम्मी उष्णता शीतक मनोऱ्यांवाटे निघून जाते. दर युनिट विजेमागे सुमारे १ किलोग्रॅम कार्बन डायॉक्साइड हवेत मिसळतो, तो वेगळाच. म्हणजे एकजण जी उष्णता टाकून देतो, तीच मिळविण्यासाठी दुसरा निराळे इंधन जाळतो! एकाच वाफेकडून आधी वीज आणि मग उष्णता घेणे, यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात.

साखर कारखान्यात हे तत्त्व विशेष स्पष्ट दिसते. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के चिपाड उरते. कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात. त्यात निम्मे पाणी असूनही ते चांगले जळते. रसात विद्राव्य घटक १५ टक्के असतील व पाकात ते ६० टक्के व्हावयाचे असतील, तर १०० किलोग्रॅम रसातून ७५ किलोग्रॅम पाणी काढावे लागते. गुऱ्हाळात काहिलीतून उठणारी वाफ आकाशात विरून जाते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे अभियंते नॉर्बर्ट रिलियू यांनी १८४३ मध्ये निराळ्या पद्धतीचे एकस्व घेतले. बंद भांड्यांची मालिका करून पहिल्या भांड्यातील रसाची वाफ दुसऱ्या भांड्यातील रस उकळण्यास लावायची. दुसऱ्यात दाब कमी असल्याने तेथे रस कमी तापमानाला उकळतो. आजही कारखान्यांत हीच रीत आहे.

एवढी युक्ती हाती असताना भारतातील जुन्या कारखान्यांनी अकार्यक्षम बॉयलर का बसविले? कारण साधे होते. उरलेले बगॅस जागा अडवी, पेट घेई, आणि जादा विजेला गिऱ्हाईक नसे. दर चौरस सेंटिमीटरला २१ किलोग्रॅम दाबाच्या बॉयलरमध्ये ते कसेबसे जाळून संपविणे सोयीचे ठरे. काटकसर केली तर नुकसान, असा तो व्यवहार होता. जादा वीज जाळ्याला विकता येऊ लागली तेव्हा चित्र पालटले. २००३ च्या वीज कायद्याने तर सहवीजनिर्मितीस उत्तेजन देण्याचे काम राज्यांच्या वीज नियामक आयोगांकडे सोपविले. आता ६७, ८७ आणि ११० किलोग्रॅम दाबाचे बॉयलर बसू लागले. उच्च दाबाची वाफ टर्बाइनमधून काम करीत उतरते आणि २ ते अडीच किलोग्रॅम दाबावर रसाच्या भांड्यांकडे जाते. रस आटविण्यात वाचलेली प्रत्येक टन वाफ आता विजेच्या रूपाने पैसा देते; म्हणूनच भांड्यांची मालिका लांबविण्याकडे लक्ष गेले.

बगॅस जळतानाही कार्बन डायॉक्साइड निघतोच, परंतु तो उसाने वाढताना वर्ष-दीड वर्षात हवेतूनच घेतलेला असतो. खतांसाठी, पंपांसाठी व वाहतुकीसाठी जाळलेले इंधन मात्र हिशेबातून वगळता येत नाही. गळीत हंगाम संपला की दुसरा प्रश्न उभा राहतो. रस नाही, म्हणून वाफेला गिऱ्हाईक नाही. टर्बाइन चालू ठेवायचे तर वाफ थंडच करावी लागते आणि बगॅस संपल्यावर काही ठिकाणी कोळसा जाळला जातो. अशा वेळी हा कारखाना एक लहानसे आणि फारसे कार्यक्षम नसलेले कोळशाचे वीजकेंद्र होऊन बसतो. त्या महिन्यांतील युनिटे हंगामातील युनिटांमध्ये मिसळून मोजणे योग्य नव्हे.